पैशाची वाटणी : ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'गुंतवणूक' एवढाच. ह्या शब्दाने आपल्यापैकी निम्म्या भगिनी बिचकतात, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटते की आज कुणीतरी पैसे दुप्पट करण्याची युक्ती सांगणार. तशी युक्ती माझ्याजवळ नाही. मला बोलायचे आहे ते घरातल्या शिलकेच्या वाटणीविषयी. किती पैसा बँकेत वा पोस्टात असावा, किती सोन्यात, किती शेअरबाजारात, आणि मुख्य म्हणजे ही वाटणी शेजारणीची पाहून का करू नये, एवढाच माझा विषय. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. बाजारातली पंडिता मी नव्हे. तेव्हा जे सांगेन ते हिशेबाने सांगेन, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी चहाच्या वेळी खुशाल भांडावे.

आपल्या जिंतूर तालुक्यात हा विषय समजावून द्यायला दूर जाण्याचे कारण नाही. येलदरीचे धरण तालुक्यात असले तरी आपली बरीच शेती आभाळाकडे डोळे लावून बसलेली असते. अशा रानात जाणता शेतकरी एकच एक पीक घेत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे की सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघते. तूर पाच-सहा महिने उभी राहते, आणि तिचे मूळ खोल जाते. श्रावणात पावसाने ताण दिला तर सोयाबीन मार खाते, पण तूर तग धरते. उलट पुढे हवा ढगाळ होऊन तुरीच्या शेंगेला अळी लागली, तर सोयाबीन तोवर घरात आलेले असते. ज्या वर्षी सोयाबीनला सोन्याचा भाव येतो त्या वर्षी निव्वळ सोयाबीन पेरणारा शेजारी आपल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळवतो, आणि ते गावभर सांगतोही. परंतु दोन्ही पिके एकदम बुडाली असे वर्ष क्वचितच येते.

पैशाच्या वाटणीचे शास्त्र ते हेच. हॅरी मार्कोविट्झ नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९५२ साली ते गणिताने मांडले. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक वस्तूचा नफा सुटासुटा पाहू नका, एक पडते तेव्हा दुसरीही बरोबर पडते की उभी राहते ते पाहा. ह्या कामाबद्दल १९९० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पणज्या कापसात तूर टोचत होत्या, त्यांना मात्र कुणी शाल-नारळही दिला नाही. असो.

आता जोखीम म्हणजे काय ते पाहू. जोखीम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शेअरबाजार उभा राहतो, आणि 'आम्ही बाई त्या भानगडीत पडत नाही' असे म्हणून आपण मोकळ्या होतो. परंतु जोखमीतून सुटलेला पैसा कुठेच नसतो. मडक्यात पुरलेला पैसाही सुटत नाही, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. निजामाच्या राज्यात इथे हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, असा त्याचा हिशेब असे. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले, पुढे हाली सिक्का हळूहळू मागे घेण्यात आला, आणि १९५९ साली तो चलनातून बाद झाला. ज्या म्हातारीने तो वेळेवर बदलून घेतला नाही, तिच्या हाती नाण्याचा धातू तेवढा राहिला. आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तर आपल्या सर्वांच्या आठवणीतली आहे. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि डाळीच्या डब्यांतून, लुगड्यांच्या घड्यांतून किती घरांत किती शिल्लक बाहेर आली ते आपण पाहिले. घरच्यांना ठाऊक नसलेली ती बायकांची पुंजी होती. ती बँकेत गेली ते बरेच झाले, पण गुपित मात्र उघडे पडले.

बँकेतल्या मुदत ठेवीचा आकडा कमी होत नाही हे खरे, पण त्या आकड्यात येणारा किराणा कमी होतो. ह्याचा एक सोपा हिशेब आहे. बहात्तराला महागाईच्या दराने भागावे. महागाई वर्षाला सहा टक्के असेल तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. ठेवीचे व्याज ही झीज भरून काढते, पण त्यापलीकडे फारसे उरत नाही. तेव्हा ज्या पैशाला दोन-तीन वर्षांत हात लावायचा आहे त्याला ठेवीसारखी जागा नाही, आणि ज्याला वीस वर्षे हात लावायचा नाही तो सगळाच ठेवीत ठेवला तर नुकसान होते. ते हळू होते म्हणून दिसत नाही, इतकेच.

सोन्याविषयी बोलले नाही तर आपण मला घरी जाऊ द्यायच्या नाहीत. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा आकडा ओलांडला, त्यामुळे हल्ली सोने घेणारी प्रत्येक बाई दूरदृष्टीची ठरली आहे. परंतु २०१२ साली हाच भाव एकतीस हजारांच्या आसपास होता, तो २०१५ साली सव्वीस-सत्तावीस हजारांवर आला, आणि पुन्हा वर निघायला पुढची काही वर्षे गेली. २०१२ साली मुलीच्या लग्नासाठी घेऊन २०१५ साली अडचणीत मोडावे लागले, त्या घराला विचारा. शिवाय दागिना घेताना घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी जातो, आणि मोडताना घडणावळ कुणी परत देत नाही. तथापि सोन्याचा एक गुण मोठा आहे. रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली तर ते गहाण पडते, आणि पुष्कळदा शेअरबाजार ढासळतो तेव्हा सोने टिकून राहते. म्हणून शिलकेच्या दहा-पंधरा टक्के सोने असावे असे माझे मत. अंगावरचे मंगळसूत्र आणि पाटल्या मी त्यात धरत नाही, कारण त्या कुणी विकत नाही.

आता शेअरबाजार. सट्टा म्हणून रोज घेणे-विकणे करणाऱ्यांविषयी मी बोलत नाही, तो जुगार आहे. मोठ्या पन्नास कंपन्यांचे समभाग ठरलेल्या प्रमाणात घेऊन बसणारे निर्देशांक फंड असतात, तशा साध्या फंडाविषयी बोलते. दीर्घ मुदतीत अशा गुंतवणुकीने महागाईच्या पुढे मजल मारलेली आहे. पण वाटेत ती काय दाखवते तेही ऐका. जानेवारी २००८ मध्ये मुंबई बाजाराचा सेन्सेक्स एकवीस हजारांच्या घरात होता. मार्च २००९ पर्यंत तो आठ हजारांच्या आसपास आला. लाखाचे चाळीस हजार झाले म्हणा ना. पुन्हा एकवीस हजार दिसायला २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. जानेवारी २०२० मध्ये तो बेचाळीस हजारांवर होता, आणि टाळेबंदीच्या तोंडावर, २३ मार्चला, सव्वीस हजारांच्याही थोडा खाली बंद झाला. त्या वेळी तो आठ-नऊ महिन्यांत सावरला. पुढच्या वेळी किती दिवस लागतील ते कुणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

ह्या सगळ्यापेक्षा आपल्या भागात ज्या जोखमीने अधिक घरे रडली ती निराळीच आहे, आणि तिचे नाव घेताना कुणी 'जोखीम' म्हणत नाही. ती म्हणजे चढ्या व्याजाची ठेव. २०२३ च्या अखेरीपासून बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेतून ठेवी परत मिळेनाशा झाल्या आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. बारा ते चौदा टक्के व्याजाचे आश्वासन देऊन ठेवी घेतल्या गेल्या, असे सक्तवसुली संचालनालयाने म्हटले आहे. ह्या ठेवीदारांपैकी बहुतेकांनी आयुष्यात शेअर घेतला नव्हता. 'आम्ही जोखीम घेत नाही' असेच म्हणणारी ही माणसे होती, आणि निवृत्तीचा, लग्नाचा, विम्याचा सगळा पैसा त्यांनी एका जागी ठेवला होता.

येथे एक कायद्याची गोष्ट प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावी. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर सरकार जागे झाले, आणि १९६२ पासून बँकांतील ठेवींना विम्याचे संरक्षण आले. आरंभी ते दीड हजार रुपयांचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत करण्यात आले. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि एकाच बँकेच्या जिंतूर व परभणी अशा दोन शाखांत पैसे ठेवले तरी ते एकत्रच मोजतात. हे संरक्षण सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांना आहे. पतसंस्थांना नाही, मग ती गावातली असो की मल्टिस्टेट. पाटीवर 'बँक' हा शब्द आहे की 'पतसंस्था' हा, एवढे वाचण्यापुरती अक्षरओळख आपल्या सर्वांना आहे. आणि बँक असली म्हणजे झाले असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. विमा असला तरी पैसा हाती येईपर्यंतचे दिवस काढावे लागतात. पोस्टाच्या ठेवींचे तसे नाही. त्यामागे प्रत्यक्ष केंद्र सरकार उभे असते.

आता मूळ प्रश्नाकडे येते : आपल्याला किती जोखीम झेपते हे ओळखावे कसे?

ह्यावर आपल्याच मुलखात एक सुरेख प्रयोग झालेला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तेथील हान्स बिन्स्वांगर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात सोलापूर व अकोला जिल्ह्यांतल्या आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातल्या खेड्यांत शेतकऱ्यांशी खऱ्या पैशाचा खेळ मांडला. नाणे उडवायचे, आणि आधी पर्याय निवडायचा. पहिला पर्याय, छापा पडो की काटा पडो, पन्नास रुपये. मधला एक, एका बाजूला चाळीस आणि दुसऱ्या बाजूला एकशेवीस. आणखी एक, तीस किंवा दीडशे. अगदी शेवटचा, काहीच नाही किंवा दोनशे. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे मजुराच्या घरात मोठीच रक्कम होती. हाच खेळ आधी पन्नास पैशांच्या पातळीवर आणि पाच रुपयांच्या पातळीवरही खेळवला होता.

निघाले काय ते पाहा. पैसे थोडे होते तेव्हा कुणी भित्रा दिसला, कुणी धाडसी. रक्कम मोठी झाली तसे बहुतेक सगळे मधल्या पर्यायांकडे सरकले. पूर्ण भिऊन पहिला पर्याय धरणारे थोडे, आणि सर्वस्व पणाला लावणारेही थोडे. जमीन-जुमला अधिक असल्याने माणूस फारसा अधिक धाडसी होत नाही असेही दिसले. आणि एक मजेची गोष्ट अशी की आधीच्या डावात ज्याचे नशीब फळले तो पुढच्या डावात अधिक धीट होत होता, जणू नाण्याला त्याची ओळख पटली आहे.

ह्यातून मी दोन गोष्टी उचलते. महिन्याला पाचशे रुपये फंडात घालून 'मला काही भीती वाटत नाही बाई' असे म्हणणाऱ्या भगिनीची पाच लाखांच्या बाबतीत परीक्षा अजून झालेलीच नाही. आणि जी मंडळी २०२० च्या पडझडीनंतर बाजारात आली व ज्यांनी चढतीच पाहिली, त्यांचा धीटपणा हा बराचसा नशिबाचा धीटपणा आहे. तेव्हा फॉर्मवर 'आपण जोखीम किती घेऊ शकता : कमी, मध्यम, अधिक' असा प्रश्न असतो, त्यापुढे आपण हसत हसत जी खूण करतो ती फारशी विश्वासाची नसते.

माझ्या मते ह्या प्रश्नाला दोन मापे लावावी लागतात. एक माप घराच्या ताकदीचे आणि दुसरे मनाच्या तयारीचे. ताकदीचे माप मनाला विचारून मिळत नाही, ते वहीत मांडावे लागते. घरात दर महिन्याला ठरलेला पैसा येतो का? तो बंद पडला तर किती महिने चूल पेटेल? शिल्लक कधी लागणार आहे? आणि आपल्याकडे सर्वात महत्त्वाचा पण कुणी न विचारणारा प्रश्न म्हणजे, घरात आधीच किती जोखीम शिरून बसली आहे? मनाचे माप ह्याच्या नंतरचे. दोन्ही मापांत जे लहान भरेल ते आपले, असे धरावे.

काही घरे डोळ्यांपुढे आणू. कुणी स्वतःला त्यात शोधू नये, ती मी मनाने रचलेली आहेत.

पहिले घर सहा एकर कोरडवाहूचे. शिल्लक चार लाख, आणि मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला परभणीस जाणार. ह्या घरातली वहिनी म्हणेल, 'आमच्याकडे जमीन आहे, आम्ही पक्के. थोडे शेअरमध्ये घातले तर काय बिघडले?' मी म्हणेन, वहिनी, तुमचे शेत हाच तुमचा शेअरबाजार आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेले होते. २०२४ साली तेच ४८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकले गेले. कापूस २०२२ च्या वसंतात दहा हजारांच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी उतरला. इतका हेलकावा ज्या घराच्या रोजच्या भाकरीलाच आहे, त्या घराची शिल्लक शांत जागी असावी. एक हंगाम पूर्ण बुडाला तरी बी-बियाणे आणि घरखर्च निघेल एवढी रक्कम बचत खात्यात व लहान मुदतीच्या ठेवीत, मुलीच्या फीचा पैसा दोन वर्षांच्या ठेवीत, आणि उरले तर थोडे सोने. फंडाचा विचार मुलगी नोकरीला लागल्यावर.

दुसरे घर निवृत्त शिक्षक जोडप्याचे. दोघांनाही जुने निवृत्तिवेतन, स्वतःचे घर, शिल्लक पंधरा लाख. 'शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढे टक्के शेअरमध्ये' असा एक ठोकताळा सांगतात. त्याप्रमाणे बासष्ट वर्षांच्या बाईने अडतीस टक्के घालावेत. पण वय एवढे सांगत नाही. ह्यांचे निवृत्तिवेतन म्हणजे महागाईभत्त्यासह आयुष्यभर चालणारी ठेवच आहे. त्यांना ही शिल्लक नातवंडांसाठी ठेवायची असेल तर अडतीस टक्के मुळीच जड नाहीत. त्याच वयाची, निवृत्तिवेतन नसलेली, मुलाच्या दुकानावर अवलंबून असलेली मावशी मात्र त्या ठोकताळ्याने फसेल. तिला दहा टक्केही पुष्कळ. आणि त्याच शिक्षकखोलीतले तरुण सहकारी पाहा. राज्य शासनाच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी योजना मिळाली नाही. त्यांची कपात राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाऊ लागली, आणि तिचा काही भाग शेअरबाजारातच असतो. वरची मोजणी करताना तो भाग विसरू नये.

तिसरे घर शिवणकाम करून महिन्याला बऱ्यापैकी मिळवणाऱ्या तिशीतल्या भगिनीचे. तिला निवृत्तिवेतन नाही, पण तिच्या म्हातारपणाला तीस वर्षे आहेत, आणि वेळ हेच तिचे भांडवल. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला पडू द्यावा. तोवर फंडाचे नाव काढू नये. त्यानंतर दरमहा जे उरेल त्यातले निम्मे निर्देशांक फंडात आणि निम्मे सार्वजनिक भविष्य निधीत गेले तरी मला वावगे वाटत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावे सुकन्या समृद्धीचे खातेही उघडता येते.

चौथ्या घराविषयी जरा अधिक बोलायचे आहे. पती अकाली गेला, विम्याचे वीस लाख आले. पदरात दोन मुले, तीन एकर जमीन बटईने दिलेली. तेरावा होतो न होतो तोच सल्ला देणारे ओट्यावर येऊन बसतात. दीर म्हणतो प्लॉट घे. भाऊ म्हणतो मला धंद्यात दे, बँकेपेक्षा जास्त व्याज देतो. एजंट पुन्हा विमाच विकायला येतो. तिच्या शोकात कुणी तिला उत्तर देण्याचे बळ ठेवलेले नसते, आणि नको म्हटले तर नाती तुटतात. अशा भगिनीला आपल्या मंडळाने एवढेच सांगावे की सहा महिने काहीही ठरवू नकोस. पैसा पाच निरनिराळ्या बँकांत तिच्या एकटीच्या नावे, व्याज धरूनही प्रत्येकी पाच लाखांच्या आत राहील असा, सहा-सहा महिन्यांच्या ठेवीत टाकावा. आणि येईल त्याला सांगावे, 'पैसे अडकवले आहेत, सहा महिने निघत नाहीत.' ठेव मोडता येते हे सांगणाऱ्याला ठाऊक असले तरी तो पुढे बोलत नाही.

सहा महिन्यांनी वही उघडावी. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि त्याचे व्याज दर महिन्याला हाती येते. मोठ्याच्या शिक्षणाला तीन वर्षांनी लागणारे चार लाख तेवढ्याच मुदतीच्या ठेवीत असावेत. दीड-दोन लाख अडीअडचणीला. धाकटा सात वर्षांचा आहे, त्याचा पैसा दहा वर्षांनी लागेल. त्यातले दोन-तीन लाख, तेही एकदम न घालता दरमहा थोडे थोडे, फंडात जाऊ शकतील, तिचे मन घेत असेल तर. घेत नसेल तर नको. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित लाखाच्या वर गेले नसते. शिलकेतले उरलेले ठेवीतच राहू द्यावे.

मनाची तयारी आकड्यात कशी मांडावी, तेही सांगते. 'वीस टक्के घट झाली तर चालेल का' असे स्वतःला विचारू नका, टक्क्यांनी कुणाची झोप उडत नाही. रुपयांत विचारा. समजा शिल्लक पाच लाख आहे. एखाद्या सकाळी पासबुकात किती रुपये कमी दिसले तर मी रडणार नाही, विकायला धावणार नाही आणि घरात कुणाला दोष देणार नाही? उत्तर पन्नास हजार आले असे धरू. शेअरबाजार निम्म्याने पडू शकतो, २००८ मध्ये तर त्याहून अधिक पडला. म्हणून पन्नास हजाराची दुप्पट, म्हणजे एक लाख, हीच त्या बाईची कमाल मर्यादा. पाच लाखांत एक लाख, पाचांत एक. उत्तर दहा हजार आले तर वीस हजार. उत्तर शून्य आले तर शून्य, आणि त्यात लाज कसली? निम्म्याने पडलेला पैसा मूळ जागी यायला दुप्पट व्हावा लागतो, हे गणित ज्यांच्या लक्षात आले ते सहसा मोठे आकडे बोलत नाहीत.

ठरवलेली वाटणी वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, तपासावी. एक लाखाचे दीड लाख झाले आणि पाचांत एक हे प्रमाण मोडले, तर वरचे काढून ठेवीत टाकावे. पडले असतील तर ठेवीतले थोडे तिकडे घालावे. हे दुसरे फार कठीण जाते, कारण त्या दिवशी वर्तमानपत्रे निराळेच ओरडत असतात. रोज मोबाईलवर भाव पाहणारीला तर ते जमतच नाही.

(व्याख्यानानंतर भगिनींनी काही प्रश्न विचारले. त्यांतले दोन-तीन, उत्तरांसह, येथे देत आहोत. – संपादिका)

प्रश्न : पतसंस्थेत मुळीच ठेवू नये का? तिथली माणसे ओळखीची असतात, कर्जही लवकर मिळते.

उत्तर : ओळखीची माणसे असतात हे खरे, आणि अडल्या वेळी कर्ज देणाऱ्या चांगल्या पतसंस्था पुष्कळ आहेत. पण ठेव ठेवताना ती विमा नसलेली ठेव म्हणूनच ठेवावी. जी रक्कम अडकली तरी लग्न, शिक्षण किंवा औषधपाणी थांबणार नाही तेवढीच. आणि तीच संस्था इतरांपेक्षा दोन-तीन टक्के व्याज जास्त देत असेल, तर ते जास्तीचे व्याज कशाचा मोबदला म्हणून मिळते आहे ते व्यवस्थापकाला नव्हे, स्वतःला विचारावे.

प्रश्न : आमची बारा जणींची भिशी आहे. ती कशात धरायची?

उत्तर : शिलकेत धरू नका. भिशी म्हणजे एकमेकींना बिनव्याजी दिलेली उधारी. पहिला नंबर लागलेलीने तिला कर्ज समजावे आणि शेवटचा नंबर असलेलीने तिला येणे समजावे. बारा जणी एकाच गल्लीतल्या असल्या म्हणजे एका दुष्काळात सगळ्यांचाच हप्ता अडतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : फंड घ्यायचाच झाला तर जिंतूरला बसून काय लागते?

उत्तर : पॅनकार्ड, आधार, स्वतःच्या नावाचे बँकखाते आणि त्याला जोडलेला मोबाईल. खाते नवऱ्याबरोबर संयुक्त असले तरी चालते, पण निदान एक खाते एकटीच्या नावाचे असावे असे मी म्हणेन. वारसदाराचे नाव त्याच दिवशी भरून टाकावे. प्रत्येक फंडाच्या 'डायरेक्ट' आणि 'रेग्युलर' अशा दोन जाती असतात. रेग्युलरमध्ये दलालाचे कमिशन दरवर्षी आपल्या पैशातून जाते, डायरेक्टमध्ये जात नाही. दलाल घरी येऊन फॉर्म भरून देतो आणि पडझडीच्या दिवशी धीर देतो, तर कमिशन वाया गेले असे मी म्हणणार नाही. तो फक्त फॉर्म भरण्यापुरता येत असेल, तर फॉर्म आपल्या मंडळातल्या शिकलेल्या मुलीही भरून देतील. दर शनिवारी दुपारी वाचनालयात त्या बसतात, येताना चष्मा आणि पासबुक तेवढे आणावे.